साच्याचा घास

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. केकचा नव्हे हं, काँक्रीटचा. आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमच्या तोंडाला उगाच पाणी सुटायचे आणि नंतर बोल मला लागायचा. वीतभरापेक्षा थोडा कमी लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल असा माझा देह आहे. चार जाड लोखंडी भिंती, खाली एक पाटा आणि हे सगळे आवळून धरणारे बोल्ट. आता त्यातले दोन बोल्ट गेले आहेत आणि एका कोपऱ्याला टवका उडाला आहे. पण कोपऱ्याकोपऱ्यांत काटकोन अजून तसाच आहे. विश्वास नसेल तर गुण्या लावून बघा.

आम्ही सहा भाऊ एकाच भट्टीतून निघालो. ओतीव लोखंडाला घासूनपुसून गुळगुळीत केले आणि आमच्या पोटावर पांढऱ्या रंगाने आकडे टाकले. माझा आकडा चार. दुकानातून आम्हांला एका ठेकेदाराने विकत घेतले. तो स्वतः आधी गवंडी होता. हळूहळू छोटी कामे घेऊ लागला होता. लोक त्याला दादा म्हणत. दादाने आम्हांला घरी नेले आणि जिन्याखालच्या जागेत ओळीने मांडले. त्याची बायको म्हणाली, "हे काय आणलंत? लोखंडी डबे? यांना झाकणं कुठायत?" दादा हसून हसून बेजार झाला. ते घर त्याने स्वतःच्या हाताने बांधले होते. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि मागे कपडे धुण्याचा हौद. वरच्या खोल्या बांधायला त्याला नऊ वर्षे लागली, कारण दुसऱ्यांची घरे बांधून वेळ उरेल तेव्हा आपले बांधायचे, असा त्याचा हिशोब होता.

आता माझे काम सांगतो. इमारतीचा स्लॅब ओततात ना, त्या दिवशी त्याच काँक्रीटमधले थोडे आम्हां सहा जणांत भरतात. तीन थरांत भरायचे आणि प्रत्येक थर सळईने पस्तीस वेळा कोचायचा. चौतीस चालत नाही, मी मोजतो. दुसऱ्या दिवशी बोल्ट सोडले की आमच्या पोटातून चौकोनी ठोकळा निघतो. तो पाण्यात ठेवतात. सात दिवसांनी तीन ठोकळे आणि अठ्ठावीस दिवसांनी उरलेले तीन प्रयोगशाळेत जातात. तिथले यंत्र ठोकळ्याला दाबत जाते, दाबत जाते आणि शेवटी फोडते. किती जोराला फुटला, तो आकडा कागदावर लिहितात. अख्ख्या स्लॅबला कोणी यंत्रात घालू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने ठोकळा परीक्षेला बसतो. मी शेकडो ठोकळे घडवले आणि सगळे फुटले. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. मात्र नापास झाले की वाईट वाटते.

तसे एकदाच झाले. दादाच्या एका कामावर एका आळशी माणसाने मला भरले. खालचा थर त्याने कोचलाच नाही, वरून थापी फिरवून मोकळा झाला. वर ओले पोतेही टाकले नाही. दिवसभर मी उन्हात तापत पडलो. माझा ठोकळा अठराला फुटला, पाहिजे होते वीस. स्लॅब उत्तम होता. आजही त्यावर माणसे राहतात. पण कामे देणाऱ्या सरकारी कचेरीने ठोकळ्याचा आकडा बघितला आणि दादाला दोन वर्षे कामच दिले नाही. दादा त्या दोन वर्षांत खचला तो खचलाच. पुढे आजारपणाचे निमित्त झाले आणि तो गेला.

दादाचा एक मिस्त्री होता. पहिल्यापासून त्याच्याबरोबर. बुटका, दणकट, बोलायला फटकळ. सगळे त्याला मामा म्हणत. दादाची ती दोन वर्षे मामाने जवळून बघितली होती. तेव्हापासून मामा आम्हांला दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. तेलाचा हात फिरवायचा तो मामाने आणि भरायचे तेही मामानेच. आणि भरताना तो आणखी एक गोष्ट करायचा. इकडेतिकडे बघून कोरड्या सिमेंटची एक भरगच्च मूठ माझ्या पोटातल्या काँक्रीटमध्ये मिसळायचा आणि पुटपुटायचा, "घे, खा. दादाचं नाव घालवू नकोस."

आमच्या धंद्यात याला 'साच्याचा घास' म्हणतात. बहुतेक कामांवर बहुतेक मिस्त्री घालतात. लबाड लोक घालतात ते स्लॅबमधले सिमेंट चोरलेले असते म्हणून. मामाने स्लॅबमधले चिमूटभर सिमेंटही कधी चोरले नाही. तो घालायचा भीतीपोटी आणि मायेपोटी. खरे सांगू? मला तो घास आवडायचा. माझे ठोकळे जड, गुळगुळीत आणि काळसर निघायचे. प्रयोगशाळेतला माणूस म्हणायचा, "तुमचे ठोकळे म्हणजे पहिलवान आहेत मामा, माझं मशीन घाबरतं त्यांना." मी फुशारून जायचो. आता त्या फुशारकीची लाज वाटते.

दादाच्या मागे त्याची मुलगी ठेकेदारी बघू लागली. कामावर सगळे तिला ताई म्हणत. मामासुद्धा ताईच म्हणायचा, मात्र अगं-तुगं करून, कारण त्याने तिला फ्रॉकमध्ये वाळूवर खेळताना बघितले होते. ताई हुशार होती आणि कामाला वाघीण. कोणी बाईमाणूस म्हणून टाळाटाळ केली तर ती चिडत नसे. शांतपणे पट्टी काढायची, भिंत मोजायची आणि तिरकी निघाली तर पाडायला लावायची. चार वर्षे तिने घरदुरुस्ती, कुंपणे, गाळे अशी कामे केली. मग एके दिवशी ती उड्या मारतच घरी आली. तिला सरकारी दवाखान्याच्या दोन मजली इमारतीचे काम मिळाले होते. एवढे मोठे काम दादालाही कधी मिळाले नव्हते.

मोठ्या कामाच्या अटीही मोठ्या असतात, मित्रांनो. कचेरी म्हणते, तुम्ही अर्ध्यात काम टाकून पळालात तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचे? तेव्हा एखादी बँक तुमच्यासाठी उभी करा. याला हमी म्हणतात. तुम्ही चुकलात की बँकेने कचेरीला पैसे भरायचे. मग बँक विचारते, मी तुमच्यासाठी उभी राहते, पण माझ्यासाठी काय ठेवता? आणि तिसरी अट विम्याची. काम चालू असताना आग, पूर, पडझड झाली तर विमा कंपनी भरपाई देणार. विमा नसेल तर कामावर पाय ठेवायचा नाही.

बँकेचा माणूस घर बघायला आला, तेव्हा मी जिन्याखाली होतो. त्याने टेप लावून खोल्या मोजल्या, भिंतींवर टिचकी मारली आणि हौदसुद्धा मोजला. घर ताईच्या आईच्या नावावर होते. ताई तिला म्हणाली, "आई, नीट विचार कर. काम पुरं झालं की कागद परत मिळतील. पण काही झालं तर…"

"काय होणार आहे?" आई म्हणाली. "तू काम करणार, मिस्त्रीभाऊ आहेत. आण तो कागद. सही इथेच ना? माझी सही वाकडी येते हं, नंतर मला हसायचं नाही."

ती सही खरोखरच वाकडी आली. शेवटचे अक्षर रेघेखाली उतरले. बँकेचा माणूस म्हणाला, चालेल.

काम सुरू झाले. विम्याच्या कागदांत एक रजिस्टर होते. प्रत्येक स्लॅबच्या वेळी ठोकळे कधी भरले आणि त्यांचा आकडा काय आला, हे त्यात लिहायचे. खाली ठेकेदाराने सही करायची की, त्याच काँक्रीटमधले ठोकळे माझ्यासमोर भरले. ताई आमच्यासमोर उभी असायचीही. पण घासाची वेळ आली की मामा म्हणायचा, "ताई, त्या कोपऱ्यातली सळई सरकलेली दिसतेय, बघ जरा." ती तिकडे वळायची आणि मूठ माझ्या पोटात पडायची. परत येऊन ती सही करायची. तिला या घासाची खबर नव्हती. धंद्यात सगळ्यांना माहीत होते, तिला तेवढे नव्हते, कारण मामानेच ते तिच्या कानावर जाऊ दिले नव्हते.

पहिल्या स्लॅबचा आकडा आला तेव्हा ताई आम्हांला धुवायला घरी घेऊन आली होती. मागच्या हौदापाशी बसून ती आईला म्हणाली, "आई, बेचाळीस आले, बेचाळीस!"

"म्हणजे काय गं?"

"ताकद. पासाला पंचवीस लागतात."

"मग वरचे सतरा कुणासाठी?" आईने सहज विचारले आणि कपडे पिळू लागली. ताई हसली. मलाही त्या वेळी हसू आले होते.

दुसरा स्लॅबही झाला. त्याचेही बेचाळीस, त्रेचाळीस असेच आकडे आले. मग एका पहाटे इमारतीच्या मागून जाणारा शहराच्या पाण्याचा मोठा नळ फुटला. पाणी कारंज्यासारखे वर उडाले असते तर कोणाला दिसले तरी असते. ते जमिनीच्या आतल्या आत वाहत राहिले आणि मागच्या कोपऱ्याखालची माती घेऊन गेले. कामावर माणसे यायच्या आधी तो कोपरा खचला. दोन कॉलम खाली बसले आणि दोन्ही स्लॅबांचा तेवढा तुकडा मोडून लोंबू लागला. बाकीची इमारत जशीच्या तशी उभी होती. तिला साधी चीर नव्हती. रखवालदार धावत ताईकडे गेला.

ताई आली, बघून चिखलातच बसली. मामा तिच्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "माणूस नाही गेलं ना? मग बाकीचं सगळं परत होतं."

ताईने डोळे पुसले. "होय मामा. आणि विमा आहे. म्हणून तर काढला होता. नळ फुटला त्यात आपली काय चूक?"

"काहीसुद्धा नाही," मामा म्हणाला. आणि ते खरे होते, मित्रांनो. नळ फुटण्यात आमची कोणाचीही काडीची चूक नव्हती.

चार दिवसांनी विमा कंपनीचा तपासनीस आला. जाड भिंगांचा चष्मा, हातात छत्री आणि बोलणे अगदी मवाळ. मजुरांनी त्याला लगेच चष्मेवाले साहेब करून टाकले. त्याने फुटलेला नळ बघितला, माती बघितली, फोटो काढले. मग जो स्लॅब शाबूत होता, त्यातून त्याने यंत्राने तीन नळकांडी कापून घेतली. ठोकळ्यावर विसंबून न राहता स्लॅबचाच तुकडा काढून तपासायची ही पद्धत आहे. ती नळकांडी प्रयोगशाळेत गेली.

आठवड्याने तो परत आला. कामावरच्या पत्र्याच्या खोलीत टेबलाशी बसला. आम्ही सहा जण त्याच टेबलाच्या कडेला होतो. ताई आणि मामा समोर उभे होते. त्याने कागद उलगडला. "अठ्ठावीस, सत्तावीस, एकोणतीस," तो म्हणाला.

मामाने मांडीवर थाप मारली. "बघा! पंचवीस पाहिजेत, अठ्ठावीस आले. सांगत नव्हतो ताई, एक नंबर स्लॅब आहे म्हणून!"

"स्लॅब चांगलाच आहे," चष्मेवाले साहेब म्हणाले. "कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. नळानेच कोपरा गेला, तेही मी लिहिलंय." मग त्यांनी रजिस्टर उघडले आणि बोट ठेवले. "फक्त हे बेचाळीस कुठून आले, तेवढं सांगा."

बाहेर कोणीतरी फावडे ओढत नेत होते.

"थोडा फरक पडतो साहेब," ताई म्हणाली. "ठोकळा आणि स्लॅब, दोन्हींत फरक पडतोच."

"थोडा पडतो, बाई. एवढा नाही. आणि सगळ्या पानांवर सारखा तर नाहीच. ही दोन काँक्रीटं एका घमेल्यातली नाहीत." त्यांनी मला उचलले, आत बघितले, नखाने कोपऱ्यातली खपली काढली आणि परत ठेवले. त्यांचा हात हलका होता. मला त्यांचा रागही आला नाही.

ताई मामाकडे वळली. मामाच्या चेहऱ्यावरून तिला सगळे कळले. ती हळूच म्हणाली, "मामा?"

"सिमेंट मी घातलं साहेब," मामा घाईघाईने बोलू लागला. "एक मूठ. हिला कशाचाच पत्ता नाही. जे काय करायचं ते मला करा. आणि सगळेच घालतात हो! विचारा कुठल्याही मिस्त्रीला."

"माहीत आहे. मीही सुरुवातीला एका ठेकेदाराकडेच नोकरीला होतो." चष्मेवाल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पण सगळ्यांचे कोपरे खचत नाहीत मामा, म्हणून सगळ्यांची पानं कोणी ताडून बघत नाही. आणि सही तुमची नाही, बाईंची आहे. माझ्यासमोर भरले, असं लिहिलंय वर."

"पण नळ फुटला त्याचा ठोकळ्याशी काय संबंध?" ताई ओरडलीच. "तुम्हीच म्हणालात ना, काम चांगलं आहे!"

"संबंध काही नाही, बाई. पण कंपनी तुमचा स्लॅब बघायला येत नाही, ती हे रजिस्टर बघून विमा देते. यातली माहिती खोटी निघाली तर विमा रद्द, ही पहिल्याच पानावरची अट आहे. मी जे दिसलं ते लिहिणार. न लिहिलं तर मीही तेच केलं, जे मामांनी केलं."

एवढे बोलून ते उठले. त्यांची छत्री टेबलाला टेकून राहिली होती, ती मामानेच नेऊन दिली.

विमा रद्द झाल्याचे पत्र आले आणि त्यामागोमाग कचेरीचे. विमा नसताना काम म्हणजे अटीचा भंग. साठ दिवसांत नवा विमा काढा आणि कोपरा स्वखर्चाने बांधून द्या. ताईने सात विमा कंपन्यांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, आधी कोणी विमा नाकारला आहे का? हो म्हटले की बोलणे संपले. विम्याशिवाय कामावर पाय ठेवता येत नव्हता आणि पाय ठेवल्याशिवाय कोपरा उभा राहणार नव्हता. साठ दिवस मात्र पळत होते. साठावा दिवस उलटला की कचेरी बँकेकडून हमी वसूल करणार आणि बँक घर घेणार, हे आता आईलाही पाठ झाले होते.

त्या दिवसांत मामा एकदा घरी आला. ताई आत होती, बाहेर आली नाही. काम थांबल्यावर आम्ही परत जिन्याखाली आलो होतो. मामाने आम्हांला बाहेर काढले आणि आईला म्हणाला, "वहिनी, हौद अठ्ठावीस दिवस देता का?"

"कशाला हो मिस्त्रीभाऊ?"

"तेच सिमेंट, तीच वाळू, तेच माप घेऊन बिनघासाचे ठोकळे भरतो. अठ्ठावीस आले की कंपनीला नेऊन दाखवतो. कळू दे त्यांना, घासाची गरजच नव्हती म्हणून."

आईने हौदातले भिजवलेले कपडे बाहेर काढले. "ठेवा की. कपडे मी बादलीत धुईन," ती म्हणाली.

मामाने आम्हांला भरले. तीन थर, पस्तीस वेळा, एकही टोचा कमी नाही. या खेपेला त्याने मूठ घातली नाही. त्याचा हात सवयीने सिमेंटच्या पाटीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने तो हात पँटला पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला खरे भरले होते आणि ते बघायला कोणी आले नव्हते. रोज तो यायचा, हौदातले पाणी बदलायचा, आईशी दोन शब्द बोलायचा आणि निघून जायचा. अठ्ठाविसाव्या दिवशी स्वतःच्या खिशातून पैसे भरून त्याने ठोकळे फोडून आणले. एकोणतीस आले. कागद घेऊन तो विमा कंपनीत गेला. तिथल्या कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि म्हणाला, "तिथे ठेवा." मामा रोज जाऊन तिथल्या बाकावर बसू लागला. आठव्या दिवशी उत्तर मिळाले. आता भरलेल्या ठोकळ्यांनी तेव्हाची माहिती खरी ठरत नाही.

ते सांगायला तो घरी आला, तेव्हा ताई बाहेर आली. इतक्या दिवसांचे तिच्या तोंडून बाहेर पडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मामा? कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? स्लॅब चांगला होता ना?"

"एक नंबर होता गं."

"मग का घातलं? माझ्या कामावर तुमचाच भरवसा नव्हता?"

"तसं नाही ताई. दादाचं झालं तसं तुझं…"

"दादांचं नाव मध्ये आणू नका. दादांचं काम गेलं होतं, घर नव्हतं गेलं. तुम्ही माझ्या आईचं घर घालवलंत, मामा."

आई म्हणाली, "अगं, असं बोलू नये." मामा चपला घालून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने ताईने त्याच्या खोलीवर निरोप पाठवला, तर तो खोली सोडून गेला होता. कुठे गेला, ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हते. त्याच्या बायकोला जाऊन वर्षे झाली होती आणि मूलबाळ नव्हते, त्यामुळे विचारायचे तरी कोणाला?

साठ दिवस सरले. कचेरीने हमी वसूल केली आणि बँकेने घर. आई आणि ताई भाड्याच्या एका खोलीत गेल्या. निघताना आईने सगळ्या खोल्या झाडून घेतल्या. जे आपल्याला परत मिळायचे नाही ते कशाला झाडतेस, असे ताईने विचारलेही नाही. आम्हां सहा जणांना ताईने बाकीच्या अवजारांबरोबर दवाखान्याच्या कामावर नेऊन टाकले, कारण कामावरची अवजारेसुद्धा आता कचेरीच्या नावावर जमा होती. ठेवताना तिने आमच्याकडे बघितलेही नाही. तिचे काय चुकले? तिने तरी आम्हांला का म्हणून जपावे?

कामाला नवा ठेकेदार आला. त्याची विमा कंपनी म्हणाली, जिथे रजिस्टर खोटे तिथे इमारतीची खात्री कोण देणार? सगळे पाडा आणि पायापासून बांधा. मग यंत्रे आली आणि ती उरलेली चांगली, शाबूत इमारत पाडायला सुरुवात झाली. मी भंगाराच्या ढिगात तोंड वर करून पडलो होतो, त्यामुळे मला सगळे दिसत होते. आणि मित्रांनो, ती पडेना! तीन दिवसांत पाडायची म्हणून आलेली माणसे दहाव्या दिवशीही घाम पुसत होती. दोन यंत्रांची पाती मोडली. कॉलम वाकायला तयार नाहीत आणि स्लॅब सळईला सोडायला तयार नाही.

त्या दहाव्या दिवशी ताई आली. फाटकाबाहेरून बघत उभी राहिली. पाडणाऱ्यांपैकी एकजण पाणी प्यायला तिकडे आला. ती कोण, हे त्याला काय ठाऊक? म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, धूळ येतेय. कुणी बांधलंय कुणास ठाऊक, हाडं खिळखिळी झाली आमची. वीस वर्षं पाडापाडी करतोय, असं काम नाही बघितलं."

ताईने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "मिस्त्री चांगला होता."

"चांगला? अहो, हाताला सोनं होतं म्हणा त्याच्या. कुठे असतो तो?"

"माहीत नाही," ताई म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या दोन दिवसांत इमारत पडली.

मी आता गंजत चाललो आहे. माझे दोन भाऊ भंगारवाल्याने नेले. उद्या-परवा मीही जाईन आणि वितळून दुसरेच काहीतरी होईन. त्याचे मला काही नाही. तुम्हांला एवढेच सांगतो की, तुम्ही मोठे होऊन काही बांधायला घेतलेत, तर माझ्यासारख्याच्या पोटात तेच भरा, जे स्लॅबमध्ये भरले आहे. मूठभरही जास्त नको. आम्ही नापास झालो तर होऊ द्या. आपल्या माणसाच्या कामावर विश्वास असेल, तर त्याला जसे आहे तसेच परीक्षेला बसवा.

आणि आणखी एक. एखाद्या कामावर तुम्हांला बुटका, दणकट, फटकळ असा म्हातारा मिस्त्री दिसला, तर त्याच्या सिमेंटच्या पाटीपाशी जरा थांबा. त्या दिवशी फाटकापाशी ताई त्याच्याबद्दल काय म्हणाली ते त्याला माहीत नाही. ऐकायला तिथे तो पाडणारा आणि मी असे दोघेच होतो. तो त्याला ओळखत नाही आणि मला चालत जाता येत नाही. तेवढे तुम्ही त्याला सांगा.